कागदावरची प्रतिष्ठा

छापील तसबिरीची पूजा करता येते का, आणि केली तर ती नेमकी कोणाला पोचते, हा प्रश्न बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात रोजच्या जगण्यातला आहे. या पट्ट्यात मराठा, लिंगायत, दिगंबर जैन, ब्राह्मण, धनगर, बौद्ध, मुसलमान अशी कुटुंबे शेजारीशेजारी राहतात आणि बहुतेकांच्या भिंतीवर चौकटीत बसवलेले काही ना काही छापील असते. सौंदत्तीची रेणुका-यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, मंगसुळीचा खंडोबा, वाडीरत्नागिरीचा जोतिबा, बसवेश्वर, तीर्थंकर, बाळूमामा, बुद्ध आणि बाबासाहेब, काबा. कागद आणि शाई सगळीकडे सारखीच असते, पण त्या कागदाशी प्रत्येक घराचे नाते वेगळे असते. कोणी त्याला नैवेद्य दाखवतो, कोणी नुसते वंदन करतो, तर कोणासाठी ती केवळ पुण्यस्थळाची आठवण असते.

देवळातल्या मूर्तीबद्दल अशी शंका सहसा कोणी घेत नाही. ती शास्त्राच्या मापाने घडवलेली असते, तिची प्राणप्रतिष्ठा झालेली असते, नेमलेला पुजारी तिची नित्य सेवा करतो. तसबिरीमागे यातले काहीच नसते. छापखान्यातून हजारांनी निघालेला कागद विकत आणायचा, काच-चौकट बसवून घ्यायची, पूर्वेच्या भिंतीला टांगायचा आणि हार घालायचा, एवढ्यावर तो देव होतो. तो देव कोणत्या क्षणी झाला? चौकटवाल्याकडे गठ्ठ्यात पडलेल्या बाकीच्या प्रतीही देव आहेत का? आणि काच फुटली, कागद विटला, तर देव जातो का? तिन्ही प्रश्न साधे वाटतात, पण प्रतिमापूजेचे सारे तत्त्वज्ञान त्यांत पणाला लागते.

जुन्या ग्रंथांना छापील चित्र माहीत असणे शक्य नव्हते, तरी त्यांनी या प्रश्नाची वाट आधीच आखून ठेवली आहे. भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवाला पूजेचा विधी सांगतो. तिथे प्रतिमेचे आठ प्रकार येतात: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनाने कल्पिलेली आणि रत्नाची. रेखाटलेली, म्हणजे चित्ररूप प्रतिमा दगडाच्या आणि धातूच्या मूर्तीच्या बरोबरीने याच यादीत बसते. ही सवलत म्हणून दिलेली नाही, तो विधीचाच भाग आहे. स्थिर प्रतिमेला आवाहन-विसर्जन नसते आणि चल प्रतिमेला ते करावे वा न करावे असा विकल्प असतो, हेही तिथेच सांगितले आहे. लेपाच्या आणि चित्राच्या प्रतिमेला स्नान घालू नये, तिचे मार्जन, म्हणजे पुसणे पुरे, असा बारकावाही तिथे आहे. देव्हाऱ्यातल्या पितळी बाळकृष्णाला ताम्हनात आंघोळ आणि भिंतीवरच्या लक्ष्मीला ओलसर फडके, ही घरोघरची रीत या नियमाला धरूनच चालते, करणाऱ्यांना तो ठाऊक असो वा नसो. मराठी घरांत हा स्कंध आला तो संत एकनाथांच्या टीकेतून. १५७३ साली काशीत पूर्ण झालेल्या एकनाथी भागवताची पारायणे सीमाभागातल्या वारकरी गावांतही होतात.

तेव्हा चित्राची पूजा शास्त्राला मान्य आहे. प्रश्न उरतो तो छापण्याचा. चित्रकार एक चित्र काढतो तेव्हा तो ध्यान करून, हाताने, एकाच देवाचे रूप उतरवतो, असे म्हणता येते. यंत्रातून तेच रूप दहा हजार वेळा उमटते तेव्हा त्यातले देवाचे रूप कोणते, हे ठरवण्यासाठी तसबीर कशी छापली जात असे ते पाहावे लागते.

आलोइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछपाईचा शोध लावला. बव्हेरियातल्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, शिळा पाण्याने भिजवायची आणि वरून तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडावर शाई बसत नाही, ती चित्राच्या रेषांवरच बसते. कागद दाबला की चित्र उमटते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची वेगळी शिळा लागते, त्यामुळे एका लक्ष्मीसाठी दहा-बारा किंवा त्याहून जास्त शिळा तयार कराव्या लागत. चित्र उलटे उमटत असल्याने शिळेवर ते उलटे काढावे लागे, म्हणजे देवीचा उजवा हात दगडावर डावा दिसे. काम संपले की शिळा वाळूने घासून पुसली जाई आणि तिच्यावर दुसरे चित्र चढे. कालची सरस्वती उद्या काडेपेटीचे लेबल होई.

या कृतीत प्रतिमेच्या तत्त्वज्ञानाला धक्का देणारी एक गोष्ट आहे. देवळात दगडाची मूर्ती पूजली जाते. छापखान्यातही देवाचे रूप दगडावरच असते, पण त्या दगडाला कोणी हात जोडत नाही. पूजा होते ती दगडाने मागे ठेवलेल्या ठशाची, आणि तो ठसा देणारा दगड तर पुसून गेलेला असतो. मूळ म्हणून दाखवता येईल अशी वस्तूच उरत नाही. सगळ्या प्रती सारख्या, कोणतीही पहिली नाही आणि कोणतीही नक्कल नाही. एकाच ब्रह्माची अनेक रूपे हे सांगायला वेदान्ती ज्या दृष्टान्तांचा आधार घेतात, त्यांच्याशी याचे साम्य दिसते. तरी ते साम्य फार ताणू नये. छापखान्याला ब्रह्मविद्या शिकवायची नव्हती, त्याला चित्रे विकायची होती.

मराठी मुलखात हा व्यवसाय पुण्यात रुजला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली सहकाऱ्यांसह चित्रशाळा काढली आणि तिच्या शिळाछाप चित्रांत रामपंचायतनासारखे देव आले, तसेच मराठेशाहीतले पुरुषही आले. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी आणि सरस्वती यांनी देवतेचा चेहरा कसा असावा याची कल्पनाच बदलली. या देवींना नऊवारीसारखी नेसलेली साडी होती, पाठीमागे पाणी आणि झाडे होती, आणि चेहरा ओळखीच्या घरंदाज बाईचा होता. पुढे ही रूपे जाहिरातींच्या कॅलेंडरांत, उदबत्तीच्या पुड्यांवर आणि विडीच्या बंडलांवर गेली. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत देव असे बाजाराच्या वाटेनेही घरात आले.

कागदावरचा ठसा मौल्यवान का मानावा, हा प्रश्न युरोपातही पडला होता. १४२३ हे साल छापलेले संत ख्रिस्तोफरचे एक लाकडी ठशाचे चित्र प्रसिद्ध आहे. ज्या दिवशी त्याचे दर्शन घ्यावे त्या दिवशी अपमृत्यू येत नाही, अशी त्या चित्रामागची श्रद्धा होती. दर्शनाची ही कल्पना सीमाभागातल्या कोणालाही परकी वाटणार नाही. फ्रान्समध्ये मिशेल द मारोल या मठाधिपतीने अशा चित्रांचा प्रचंड संग्रह केला. १६६७ मध्ये चौदाव्या लुईच्या मंत्र्याने, कोल्बेरने, सव्वा लाखाच्या घरातला तो संग्रह राजासाठी विकत घेतला आणि त्यातून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ठसाचित्रांचे दालन उभे राहिले. विसाव्या शतकात या दालनाची धुरा ज्यांच्याकडे होती त्यांत झाँ आदेमार (१९०८–१९८७) यांचे नाव महत्त्वाचे आहे. मध्ययुगीन फ्रेंच कलेवरील प्राचीन कलेचा प्रभाव हा त्यांच्या तरुणपणच्या ग्रंथाचा विषय होता. पुढचे आयुष्य त्यांनी ठसाचित्रांची सूची करणे, त्यांच्या तारखा ठरवणे आणि ती जपणे यात घालवले. नामवंत चित्रकारांइतकेच लक्ष त्यांनी जत्रेत विकल्या जाणाऱ्या लोकचित्रांकडेही दिले. एपिनाल गावच्या पेलरँ छापखान्याची स्वस्त रंगीत चित्रे, संतांच्या तसबिरी, भिंतीवर चिकटवायचे कागद ही या परंपरेतली सामग्री. ती बनवणाऱ्यांची नावे बहुधा माहीत नसतात आणि वापरणाऱ्यांनी ती झिजवून टाकलेली असतात. असा कागदही संग्रहालयात ठेवण्याच्या योग्यतेचा आहे, ही भूमिका धर्माच्या अभ्यासकालाही मोलाची आहे. कारण सामान्य माणसाची उपासना कशी होती याचा पुरावा मोठ्या चित्रांपेक्षा अशा कागदांत जास्त सापडतो.

मात्र संग्राहकाला पडणारा प्रश्न भक्ताला पडत नाही. फ्रान्समधील ठसाचित्रांच्या राष्ट्रीय समितीने १९६४ मध्ये ठसाचित्र अस्सल कधी मानावे याची व्याख्या केली. चित्रकाराने स्वतः कल्पिलेल्या आणि स्वतःच्या हाताने तयार केलेल्या ठशावरून काढलेली प्रत तेवढी अस्सल, यांत्रिक पद्धतीने काढलेली नव्हे. या व्याख्येने घरोघरच्या जवळजवळ सगळ्या तसबिरी बाद होतात. यल्लम्माच्या भक्ताला चित्रकाराचे नाव लागत नाही. देवी ओळखू यावी, तिची खूण चुकू नये, एवढेच त्याला हवे असते. संग्राहक निर्मात्याचा हात शोधतो आणि भक्त दैवताचा. वाल्टर बेंयामिन या जर्मन विचारवंताचा यांत्रिक प्रतिकृतींवरचा निबंध १९३६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तो फ्रेंच भाषांतरात. प्रती काढल्या की कलाकृतीचे तेज ओसरते आणि तिचे पूजामूल्य जाऊन प्रदर्शनमूल्य येते, असे त्याने मांडले. युरोपातल्या चित्रांबद्दल ते खरे असेल. इथे घडले ते उलट. राजवाड्यात टांगायला काढलेले रविवर्म्याचे तैलचित्र पाहण्याची वस्तू होती, त्याची छापील प्रत देवघरात गेली आणि पूजेची वस्तू झाली. प्रत काढल्याने पूजामूल्य गेले नाही, ते प्रतीमुळेच आले.

याचे कारण या समाजाला अनेकपणाची सवय आधीपासून होती. देव्हाऱ्यातले टाक पाहिले की हे लगेच समजते. सोनार चांदीचा पत्रा ठशावर ठोकून खंडोबाचा किंवा जोतिबाचा टाक काढतो, आणि त्याच ठशावरून दुसऱ्या घरचाही टाक निघतो. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की नवा टाक करून घेतात आणि देव वाटला गेला असे कोणाला वाटत नाही. घरचे टाक यात्रेला नेऊन देवाला भेटवून आणण्याची प्रथा आहे. या भेटीने घरातल्या प्रतिमेचा मूळ स्थानाशी संबंध ताजा होतो. साच्यातून काढलेल्या शाडूच्या गणपतीचेही तेच. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, चतुर्थीला प्रत्येकीत वेगळे आवाहन होते आणि विसर्जनानंतर ती पुन्हा माती होते. कारखान्यात फळीवर मांडलेल्या रांगेला कोणी आरती करत नाही. चौकटवाल्याकडच्या गठ्ठ्याबद्दलच्या शंकेचे उत्तर इथेच मिळते. साचा, ठसा किंवा शिळा रूप देतात, देवपण आवाहनाने येते आणि सेवेने टिकते.

या म्हणण्याला काटेकोर तात्त्विक आधार जैन विचाराने दिला, आणि निपाणी-चिकोडीचा परिसर दिगंबर जैनांचा असल्याने तो इथे विशेष लागू आहे. उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र कोणत्याही वस्तूकडे पाहण्याच्या चार रीती सांगते: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. एखाद्या मुलाचे नाव महावीर ठेवले तर तो नामाने महावीर. मूर्तीला किंवा चित्राला ‘हे महावीर’ असे मानले तर ती स्थापना. पुढे जो तीर्थंकर होणार आहे तो जीव द्रव्याने, आणि प्रत्यक्ष तीर्थंकरपदी असलेला भावाने. टीकाकारांनी स्थापनेचे दोन प्रकार केले. आकार जुळत असेल तर एक, आकार नसताना अक्षतेसारख्या वस्तूवर केलेली स्थापना दुसरी. या विश्लेषणाचे सौंदर्य असे की ते प्रतिमेला खोटी ठरवत नाही आणि प्रत्यक्ष तीर्थंकरही म्हणत नाही. सिद्धशिलेवर गेलेला तीर्थंकर मूर्तीत येऊन बसत नाही, हे जैन दर्शनाला पक्के ठाऊक आहे. पूजा होते ती त्याच्या गुणांच्या स्मरणाने पूजकाचे परिणाम, म्हणजे मनोभाव, शुद्ध व्हावेत म्हणून. तरीही पंचकल्याणक प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीचा अभिषेक वेगळा आणि भिंतीवरच्या छापील चित्राला केलेले वंदन वेगळे, हा भेद समाज काटेकोरपणे पाळतो. निपाणीजवळच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) यांच्या छायाचित्रांना जैन घरांत जो मान आहे, तो या वंदनाच्या प्रकारातला आहे.

छायाचित्र आले की प्रश्नाचे आणखी एक अंग पुढे येते. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला आले, आधी भाटे वकिलांकडे आणि मग वन खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. या मुक्कामात एस. महादेव अँड सन या छायाचित्रकारांनी त्यांचे छायाचित्र घेतले. हाती दंड घेतलेल्या परिव्राजकाचे ते चित्र आज बेळगावच्या ओळखीचा भाग आहे. त्याआधी, १८९१ मध्ये, अलवारला घडलेला प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. मूर्तिपूजेची टर उडवणाऱ्या महाराजांसमोर विवेकानंदांनी महाराजांचीच तसबीर खाली उतरवायला लावली आणि दिवाणाला तिच्यावर थुंकायला सांगितले. दिवाण हादरला. कागदात महाराज नाहीत हे सगळे जाणत होते, तरी ते कृत्य कोणाला करवेना.

हा युक्तिवाद प्रभावी आहे, पण तो कुठवर पोचतो हे नीट पाहिले पाहिजे. चित्राचा अवमान हा व्यक्तीचा अवमान, म्हणून चित्राचा मान हा व्यक्तीचा मान, एवढे तो सिद्ध करतो. चित्रात ती व्यक्ती हजर आहे, हे त्याने सिद्ध होत नाही. शिवाय महाराज कसे दिसतात हे दरबाराने पाहिले होते, यल्लम्मा कशी दिसते हे कोणी पाहिलेले नाही. अलवारच्या उत्तराने मूर्तिपूजेवरचा हसण्याचा आक्षेप निकालात निघतो, तिचे समर्थन मात्र पूर्ण होत नाही. ते पूर्ण करायला भागवताचे आवाहन किंवा जैनांची स्थापना लागते.

छायाचित्राने एका नव्या प्रकारच्या देवत्वाला जागा दिली. निपाणीजवळच्या अक्कोळमध्ये १८९२ साली धनगर कुटुंबात जन्मलेले बाळूमामा १९६६ मध्ये आदमापुरात समाधिस्थ झाले. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे कालपरवापर्यंत गावोगाव होती. त्यांच्या तसबिरीला भंडारा लावणाऱ्याला रूप कल्पावे लागत नाही, पटका आणि चेहरा माणसाचाच आहे. इथे भागवताची आठ प्रकारांची यादी अपुरी पडते, कारण छायाचित्र रेखाटलेले नसते, ते प्रकाशाने उमटलेले असते. शिर्डीच्या साईबाबांबद्दल श्रीसाईसच्चरितात अशी कथा आहे की, मुंबईचे बाळाबुवा सुतार पहिल्यांदाच भेटीला आले असता बाबांनी त्यांना चार वर्षांपासून ओळखतो असे सांगितले, कारण चार वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईत बाबांच्या छायाचित्राला नमस्कार केला होता. भक्ताच्या बाजूने पाहिले तर छायाचित्राला केलेला नमस्कार पोचतो, ही या कथेतली श्रद्धा आहे.

प्रतिमापूजेला लिंगायत परंपरेची हरकत मात्र मुळातलीच आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी स्थावर देवळापेक्षा जंगमाला, चालत्याबोलत्या शरणाला श्रेष्ठ मानले. दीक्षा घेतलेल्याने इष्टलिंग अंगावर धारण करायचे आणि तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. पूजक आणि देव यांच्यामध्ये देऊळ, पुजारी आणि चित्र यांना जागाच ठेवली नाही. तरी बसवेश्वरांची छापील तसबीर लिंगायत घरांत असते आणि तिला हार घातला जातो. यात विसंगती दिसते, पण पूजेचा केंद्रबिंदू तळहातावरचे लिंगच राहते. तसबीर गुरूची आहे, त्याची शिकवण आठवावी म्हणून लावलेली. अडचण उभी राहते ती तसबिरीला हार पडतात आणि इष्टलिंग पेटीत राहते तेव्हा, आणि ही खंत त्या समाजातील जाणती माणसे स्वतःच बोलून दाखवतात.

छापील देवाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा तत्त्वज्ञानापेक्षा न्यायाचा आहे. देवळाची पायरी ज्यांना ओलांडू दिली जात नव्हती, त्यांच्या घरात कागदावरचा देव आला. त्याला सोवळे नव्हते, त्याच्या दारात कोणी जात विचारत नव्हते. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी विठ्ठलाची तसबीर चार-दोन आण्यांत मिळत होती. भागवतातच कपिलमुनी सांगतात की प्राणिमात्रांत असलेल्या मला अव्हेरून जो प्रतिमेची पूजा करतो तो राखेत आहुती टाकतो. ज्या प्रतिष्ठित मूर्तीपुढून माणसे हाकलली जात, तिच्यापेक्षा हाकललेल्याच्या झोपडीतला प्रतिष्ठा न झालेला कागद पूजेला अधिक योग्य होता, असे या वचनाच्या आधारे म्हणावे लागते. पण कागदावरचा देव मिळाला म्हणून अपमान पुसला गेला नाही. १९२५ च्या एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत मुंबई इलाख्याची बहिष्कृत परिषद भरली, आणि बाबासाहेबांचा विचार पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत गेला. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांनी राम, कृष्ण, गौरी, गणपती यांची पूजा सोडायला सांगितले. देव्हाऱ्यातल्या तसबिरी उतरल्या आणि भिंतीवर बुद्ध व बाबासाहेब आले. छपाईचे तंत्र तेच राहिले, त्यामागचा संबंध पार बदलला. इथे नवस नाही, नैवेद्य नाही, आवाहन नाही. मेणबत्ती लावून केलेले वंदन आहे आणि शिकवणीशी बांधिलकी आहे. प्रतिमा म्हणजे पूजा हे समीकरण किती अपुरे आहे, हे या भिंतींइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

राहतो तो शेवटचा प्रश्न, विटलेल्या कागदाचा. बाजारापुरता कायद्याने एक बांध घातला आहे. धार्मिक भावना दुखावणारे चिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाही, असे १९९९ चा कायदा सांगतो. पण लग्नपत्रिकेवरचा गणपती, कॅलेंडरावरची महालक्ष्मी, फटाक्यांच्या पुडक्यावरची लक्ष्मी यांचे वापरानंतर काय करायचे, हे कायदा सांगत नाही. जीर्ण प्रतिमेबद्दल अग्निपुराणात नियम आहे: लाकडाची अग्नीत द्यावी, दगडाची पाण्यात सोडावी, धातूची आणि रत्नाची खोल पाण्यात किंवा समुद्रात. कागदाचे नाव त्यात नाही, पण कागद झाडापासून होतो, तेव्हा त्याला लाकडाचा नियम लावणे सयुक्तिक ठरते. लोकांनी मात्र पाणी पसंत केले, आणि फुटक्या काचेसकट तसबिरी नदीकाठी, नाहीतर पिंपळाच्या पारावर ठेवल्या जातात. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या काठची काच दुसऱ्याच्या पायात जाते, आणि चौकटीचा रंग व खिळे पाण्यात राहतात. पूजेचा सन्मान राखून हे टाळता येते. आधी उत्तरपूजा करून आवाहित देवतेला निरोप द्यावा, म्हणजे उरतो तो कागदच. मग काच आणि चौकट सोडवून पुन्हा वापरावी, आणि कागद अग्नीत द्यावा किंवा पाण्यात भिजवून लगदा करून झाडाच्या मुळाशी घालावा.